बारकोडखाली

सर, एकशे बारा फोटो काढले होते.
न्यूलिनच्या मासळीबाजारामागे, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी,
निळ्या रंगाचे पोपडे सुटलेत, तिथे.
मार्चमधला शनिवार. डोक्यावर कुरव भांडत होते.
जोरी आला काकाच्या व्हॅनमधून, मांडीवर बास गिटार,
अंगाला बांगड्याचा वास.
वास फोटोत येत नाही.
हा फोटोचा गुण की दोष, मूल्यमापनाच्या तक्त्यात
त्यासाठी रकाना नाही.

मी म्हटलं, हसू नकोस.
वीस अंक जमिनीवर पसरून मोजलं होतं मी:
सतरा रागावलेले, दोघे काळ्या चष्म्यात,
एकीचे डोळे मिटलेले. हसणारं कुणीच नाही.
म्हणून जोरी मासळीच्या क्रेटवर बसला, डावा हात गुडघ्यावर,
आणि भिंतीचं देणं लागत असल्यासारखा बघत राहिला.

नाव ‘ओहोटी’. ठळक, पिवळं.
त्यातल्या एका अक्षरावर जोरीचं डोकं येऊ दिलं,
कारण नावाजलेल्या मासिकांना ते परवडतं.
आमचा हा पहिलाच अंक.
लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, ‘हे नक्की काय वाचायचं?’

क्षितिज दोन अंशांनी तिरकं होतं, ते सरळ केलं.
त्यात एका होडीची डोलकाठी गेली.
छपाईत निळ्याचा जांभळा झाला.
या चुका मी आनंदाने कबूल करते,
दुसरी कबूल करायला लागू नये म्हणून.

बारकोड खाली उजवीकडे असतो, असं आराखड्यात लिहिलंय.
तो मी आल्याच्या बिस्किटांच्या पुड्यावरून उचलला.
डेमेल्झाने फोन धरून पाहिला:
जोरी एक पौंड दहा पेन्स, दुधात बुडवून खायला उत्तम.
आम्ही दोघी पोट धरून हसलो.

संध्याकाळी प्रत घेऊन गेले त्याच्या दुकानी.
त्याने तळणाचे हात ॲप्रनला पुसले, दोनदा.
बराच वेळ पाहिलं.
‘चेहरा भारी आलाय.’
मग अंगठा काळ्या रेघांपाशी नेला.
‘आणि माझा हात?’

डावीकडे रिकामी भिंत होती, सर.
हवी तेवढी. दहा बारकोड मावले असते.

गेल्या वर्षी होडीवरच्या विंचमध्ये सापडला तो हात.
अनामिका दुसऱ्या पेरापाशी थांबते.
आतल्या तिसऱ्या पानावर सगळी मुलाखत त्याचीच आहे:
तीन बोटांवर गाणी पुन्हा कशी बसवली,
कुठला सूर आता लांबून वळसा घेऊन येतो,
रात्री नसलेलं टोक कसं खाजतं.
प्रश्न मीच विचारले होते, खोदून खोदून.
आत विचारलं आणि बाहेर झाकलं.
आधीच बिननावाचं बोट,
त्यावर मी किंमत चिकटवली.

तो रागावला नाही.
मागे कुणीतरी मीठ जास्त घाल म्हणालं, तो वळला.
‘हरकत नाही,’ म्हणाला. ‘मीपण बसमध्ये खिशातच ठेवतो.’
रागावला असता तर मला उत्तर लिहायला
काहीतरी मिळालं असतं.

‘पुन्हा केल्यास काय वेगळे कराल?’
दोनशे शब्द. माझे केव्हाच उलटून गेले.

सत्त्याऐंशी नंबरचा फोटो आहे एक.
तांत्रिकदृष्ट्या बाद: हललेला, प्रकाश जास्त,
चिप्स पळवायला आलेल्या कुरवाला तो हाकलतोय,
तोंड उघडं, शिवी आणि हसू एकदमच,
डावा हात सरळ लेन्सवर आलेला, मोठा, धूसर,
आणि जिथे बोट संपतं
तिथून पुढे आभाळ.

मी तो पुसला नव्हता.
का, ते तेव्हा कळलं नव्हतं, आजही पुरतं नाही.
सोबत जोडतेय.
गुणांसाठी नको, सर. नुसता बघा.